वरची निवळ

पप्पा कागद आधी ऐकायचे, मग बघायचे. शाळेची नवी वही घरात आली की माझ्या हातात पडण्याआधी ती त्यांच्या कानाशी जायची. एक पान चिमटीत धरून ते कानाजवळ हलवायचे. पान खडखडलं की मान डोलवायचे, मऊ फडफडलं की म्हणायचे, "ह्याला साइज कमी हाय, शाई फुटंल." मग कोपरा जिभेला लावायचे. आई म्हणायची, लोक वही लिहायला घेतात, हे चाखायला घेतात. पण पप्पांचा अंदाज चुकत नसे. त्यांनी नापास केलेल्या वहीवर मी हट्टाने लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत अक्षरांना केस फुटायचे.

पप्पा पेपर मिलमध्ये साइजिंगला होते. आमच्याकडे कागद झाडाचा होत नसे. साखर कारखान्यात पिळून उरलेलं उसाचं चिपाड, ज्याला सगळे बगॅस म्हणत, ट्रॉल्या भरभरून मिलच्या मागच्या मैदानात यायचं आणि तिथे त्याचे डोंगर रचले जायचे. वारा सुटला की त्यातला भुसा घराघरांत शिरायचा. पिठात, अंथरुणात, आईच्या केसांत. ते चिपाड मोठ्या बंद भांड्यात कॉस्टिक सोड्याबरोबर वाफेवर शिजवायचे. शिजलं की तंतू मोकळे होतात आणि त्यांना धरून ठेवणारा चिकट भाग विरघळून काळा होऊन निघतो. तंतू धुवायचे, क्लोरीनने पांढरे करायचे, भरपूर पाण्यात कालवून फिरत्या जाळीवर सोडायचे. पाणी खाली गळतं, वर ओला कागद राहतो, तो दाबून तापलेल्या रुळांवरून वाळवत न्यायचा. लगदा जाळीवर जायच्या आधी त्यात राळ आणि तुरटी पडायची. तेच साइजिंग, आणि ते पप्पांच्या हातचं. राळ-तुरटी नसेल तर कागद टिपकागदासारखा शाई पिऊन टाकतो. कागदाला शुद्धीवर ठेवायचं काम माझ्याकडे आहे, असं ते पाहुण्यांना सांगायचे.

तंतूंचा कागद व्हायचा आणि विरघळलेलं काळं पाणी मिलच्या मागच्या ओढ्यात जायचं. कामगार त्याला लिकर म्हणायचे. लिकर म्हणजे दारूही, त्यावरून विनोद चालायचे. ओढा रोज पिऊन तर्र असतो, म्हणून असा वाकडातिकडा चालतो. साबणासारखा फेस दगडांना अडकून राहायचा आणि शिजलेल्या उसाचा आंबूस, उग्र वास यायचा. आम्हा मिलच्या चाळीतल्या लोकांना त्या वासाची इतकी सवय होती की मिल दोन दिवस बंद राहिली तर काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. यंत्राची घरघर भिंतीतून रात्रंदिवस यायची. मशिनवर कागद तुटला की ती घरघर बदलायची. आई भाकरी थापता थापता थांबायची आणि घरघर पूर्ववत झाली की पुन्हा थापायला लागायची. मॅनेजर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगायचे की आपण एकही झाड न तोडता टाकाऊपासून कागद करतो. ते खरं होतं. आता मी ज्या दवाखान्यात काम करते तिथे औषधं कागदी पिशवीत देतात आणि पिशवीवर हिरवं पान छापलेलं असतं. तेही खरंच असेल. मी पिशवी घेते. फक्त ती कुठल्या ओढ्यावर झाली असेल, हा प्रश्न मला पडतो आणि शेजारच्या बाईला पडत नाही, एवढाच फरक.

ओढ्याच्या खालच्या अंगाला तात्यांची जमीन होती. तात्या म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. पप्पांनी आपला वाटा त्यांनाच करायला दिला होता आणि स्वतः नोकरी धरली होती. तात्यांच्या विहिरीचं पाणी गावात नावाजलेलं. डाळ एका वाफेत शिजायची. काकी दर शनिवारी त्या पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन आमच्याकडे यायची, कारण पप्पांना रविवारचं मटण दुसऱ्या पाण्यातलं आवडत नसे. येताना वांगी, मेथी, हुलगे. आई हुलग्याचे शेंगोळे करायची आणि काकी जाताना डबा भरून न्यायची. रविवारी चर्चमध्ये दोघे भाऊ एकाच बाकावर बसत. तात्यांचा आवाज मोठा आणि बेसूर, पप्पांचा बारीक आणि सुरातला. दोघांचं गाणं एकत्र ऐकायला बरं लागायचं.

आईचं माहेर जामखेडकडचं. तिकडे पाणी येईल तेव्हा आणि येईल तसं भरायचं, म्हणून तिच्या घरात तुरटी मिठाइतकीच गरजेची. आमच्या चाळीचा नळही कालव्याचं मातकट पाणी द्यायचा. मिलच्या गोदामात तुरटीच्या लाद्या फोडताना चुरा पडायचा, त्यातले खडे कामगार खिशातून घरी न्यायचे. कोणी काही म्हणत नसे. आमच्याकडे असा एक मुठीएवढा खडा दोऱ्याला बांधून हंड्याशेजारी टांगलेला असायचा. पाणी भरलं की खडा आत फिरवायचा, झाकण ठेवायचं, गाळ खाली बसला की वरची निवळ फडक्यातून दुसऱ्या हंड्यात ओतायची. आईचा नियम होता, निवळल्याबिगर पाणी कोणाला द्यायचं नाही. "दारात आलेल्या भिकाऱ्याला बी न्हाई," ती म्हणायची. "पान्यावरनं घर कळतं." मी तिसरीत गेले तेव्हा हे काम माझ्याकडे आलं आणि ते मी नीट करायचे. कामं नीट करण्याची मला तेव्हापासून खोड आहे.

मी सहावीत होते त्या वर्षी काकीची कळशी यायची बंद झाली. आधी काही दिवस तिने सांगितलं की कंबर दुखते. मग एकदा तात्या स्वतः आले आणि त्यांनी पेल्यातून पाणी आणून पप्पांपुढे ठेवलं. कोऱ्या चहाचा रंग. म्हैस तोंड लावत नाही म्हणाले, दूध घातलं की चहा नासतो, भाजीचे वाफे पिवळे पडलेत, पाटाच्या कडेने जमिनीवर पांढरी खपली धरते आहे. पप्पांनी पेला उचलून वास घेतला. म्हणाले की वरच्यांशी बोलतो. ते बोलले की नाही, मला माहीत नाही. तात्या मात्र नगरला जाऊन प्रदूषणाच्या ऑफिसात अर्ज देऊन आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, विहिरीचं पाच लिटर पाणी घेऊन या, तपासायला पाठवतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, माझा हात अजून नगरच लिहितो.)

नगरची एसटी पहाटे आमच्या चाळीसमोरून सुटायची. म्हणून तात्यांनी आदल्या दिवशी दुपारीच पाण्याचा पांढरा प्लास्टिकचा कॅन, गोणपाटात गुंडाळून, आमच्या ओट्यावर आणून ठेवला. म्हणाले, पहाटे येतो, इथूनच उचलतो. पप्पा सेकंड शिफ्टला गेले होते. आई बायकांच्या प्रार्थनेला निघाली होती. जाता जाता म्हणाली, तात्यांचं पाणी साहेबाला द्यायचं हाय, कॅनला धक्का लावू नको.

मी झाकण उघडून बघितलं. आत तोच कोरा चहा, वर फेसाची कड. मला लाज वाटली. साहेबाला द्यायचं पाणी आणि ते असं. आमचं घर नगरला काय म्हणून कळणार? आईने सांगितलेलं सगळं मी त्या वेळी मनात धरलं होतं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. मी कॅन एका रिकाम्या हंड्यात ओतला आणि खडा फिरवला. एरवी सात फेऱ्यांत काम व्हायचं. त्या दिवशी पाणी हटेना. मी फिरवत राहिले, हात भरून आला, खडा झिजून निम्मा झाला, तेव्हा कुठे पाण्यात तपकिरी गुठळी धरायला लागली आणि कापसासारखी खाली बसली. तास-दीड तास मी शेजारी बसून भूगोलाचा धडा पाठ केला. मग कॅन राखेने घासून, नळाच्या पाण्याने तीनदा विसळून, वरची निवळ दुहेरी फडक्यातून त्यात ओतली. थोडी कमी भरली, ती आमच्या पिण्याच्या हंड्यातल्या पाण्याने पुरी केली. गाळ कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकला. गोणपाट होतं तसं गुंडाळलं. आई आल्यावर तिला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होतं असं मला वाटलंच नाही. पाणी निवळणं हे केर काढण्यासारखं रोजचं काम होतं.

महिन्याभराने तात्या रिपोर्ट घेऊन आले. पप्पा फर्स्ट शिफ्टवरून येऊन भाकरी खात होते. तात्यांनी चपला न काढता आत येऊन कागद त्यांच्या ताटाशेजारी टाकला. पाणी मर्यादेत, रंग नाही, तक्रारीत तथ्य नाही. मिलच्या गेटवर मॅनेजरने त्याची नक्कल लावली होती आणि चार लोकांसमोर तात्यांना विचारलं होतं की आता किती पैसे उकळायचा विचार आहे.  ते पप्पांकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की पानी निवळ कसं झालं, कॅन येक रात तुझ्याच घरात हुता.

पप्पांनी हात पुसले आणि कागद उचलला. मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या माणसाने केलं नसतं. त्यांनी तो कागद कानाजवळ नेला, हलवला आणि म्हणाले, "आपलाच हाय."

ते कागदाबद्दल बोलत होते. रिपोर्ट आमच्याच मिलच्या कागदावर छापलेला होता, एवढंच त्यांना दिसलं. हाताची सवय, मोठा धक्का बसला की माणूस सवयीचं काहीतरी करतो. पण तात्यांनी ते ऐकलं ते वेगळं.  "व्हय," म्हणाले, "आपलाच. आपल्याच मानसानं केलं." मग कागद घडी करून खिशात घातला आणि जाताना उंबऱ्यावरून म्हणाले, "मिलचा कुत्रा झाला तू, दानू. भाऊ ऱ्हायला न्हाई."

ते गेल्यावर मी सांगितलं. न भिता सांगितलं, कारण माझ्या मते यात सगळ्यांची सुटका होती. पाणी मीच निवळलं होतं, लई घाण होतं म्हणून, अर्धा खडा लागला. आईचा हात परातीत थांबला. बाहेर मशिनची घरघर नीट चालू होती. आई आधी बोलली. "जावा की," ती पप्पांना म्हणाली. "आत्ताच जावा. वाटंतच गाठा त्यान्ला."

पप्पांनी चपला घातल्या आणि गेले. मी ओट्यावरून बघत होते. ते ओढ्याच्या मोरीपर्यंत गेले. तिथे थांबले. तात्या अजून दिसत होते, पलीकडच्या बांधावरून चालत होते; हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पप्पा मोरीच्या कठड्यावर बसले, खाली काळं पाणी बघत. मग उठून परत आले. मला जवळ घेतलं नाही, रागावलेही नाहीत. म्हणाले, "कुनाला बोलू नको, सुले."

मी बोलले नाही. आई त्यानंतर आठवडाभर रोज म्हणायची, जावा. मग तीही थांबली. तात्यांनी दुसरा अर्ज केला नाही. एकदा खोटा ठरलेला माणूस पुन्हा कुठल्या तोंडाने जाणार. विहिरीवरची मोटर त्यांनी काढली. जमिनीत नंतर फक्त बाभळी आल्या. ते संगमनेरला एका डेअरीवर वॉचमन म्हणून लागले, रोज एसटीने जाऊन येऊन. माझं शिक्षण मिलच्या पगारावर झालं. वह्या मिलच्या, तुटक्या मालातून पप्पांनी शिवलेल्या. त्या शेवटपर्यंत चांगल्या होत्या, शाई कधी फुटली नाही.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकबाई उपासना सुरू झाली की दारातून दृढीकरण झालेली, म्हणजे प्रभुभोजन घ्यायची मुभा मिळालेली, माणसं मोजतात आणि पावाचे तेवढेच तुकडे कापून ताटात ठेवतात. कमी पडू नयेत, उरू नयेत. भावाशी वाकडं असेल तर ताटाला हात लावायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. दोघे भाऊ आता बाकाच्या दोन टोकांना बसायचे. तात्या ताठ मानेने तुकडा घ्यायचे. त्यांच्यावर अन्याय झाला होता, त्यांचा देवाकडे हिशेब सरळ होता. ताट पप्पांपुढे आलं की ते न बघता पुढे सरकवायचे. लोक म्हणायचे, बघा धाकट्याच्या मनात किती अढी आहे. दर महिन्याला ताटात एक तुकडा उरायचा. तो कोणाचा आणि का, हे आईला आणि मला ठाऊक होतं. माझं दृढीकरण झालं तेव्हापासून मी तुकडा घेत आले. मी लहान होते, मला कळत नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

मिल बंद पडली, पप्पा रिटायर झाले, ओढा हळूहळू नुसता कोरडा झाला. एक तुकडा मात्र उरतच राहिला. तीन वर्षांपूर्वी पप्पा गेले. तात्या मातीला आले, मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता निघून गेले.

मी संगमनेरला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर बाटल्या, लेबलं, नमुने. मागच्या पावसाळ्यानंतर अकोले तालुक्यातली एक म्हातारी नवऱ्याच्या लघवीची बाटली घेऊन आली. नमुना संशय यावा इतका स्वच्छ होता. विचारलं तर म्हणाली, लई गढूळ हुतं बाई, तसलं कसं द्यायचं, म्हनून वरचं वरचं वतून आनलं. मी तिला बोलले; नमुना जसा आहे तसा आणायचा, त्यात आपली अब्रू घालायची नाही. ती हिरमुसली होऊन गेली. मी खुर्चीवर बसले आणि नंतरचे दोन नमुने मला सहकाऱ्याकडे द्यावे लागले. त्या शनिवारी मी तात्यांकडे गेले.

ते खाटेवर बसून शेंगा फोडत होते. काकीने चहा ठेवला. मी लांबण लावली नाही. सांगितलं की त्या कॅनमधलं पाणी मी निवळलं होतं, तुरटीने, कोणी सांगितलं नव्हतं.

कुठला कॅन, हे त्यांनी विचारलं नाही. शेंगा बाजूला ठेवल्या. "दानूनं न्हाई बदललं?"

"नाही. ते सेकंड शिफ्टला होते."

"त्येला कवा कळलं?"

"तुम्ही रिपोर्ट टाकून गेलात, त्याच संध्याकाळी."

ते उठले, पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून तो रिपोर्ट काढला. तुरटीचा कागद वर्षं गेली की आतून आंबट होऊन ठिसूळ होतो. हे पप्पांनीच मला शिकवलं होतं. घडी उघडताना त्याचे चार तुकडे झाले. तात्यांनी ते खाटेवर जुळवून ठेवले, बोटाने कडा सरळ केल्या. मी त्याला कुत्रा म्हणालो, त्याने ऐकून घेतलं, असं काहीसं ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "गप बसला त्यो तुझ्यापायी, का मिलपायी?"

"ते मला माहीत नाही, तात्या." खरंच माहीत नाही. पप्पांनी हाक मारली असती तर दुसरा नमुना गेला असता आणि मिलवर कारवाई झाली असती, त्यांची नोकरी गेली असती. हाक न मारल्यामुळे माझ्यावरचा बोल त्यांनी स्वतःवर घेतला. दोन्ही एकाच गप्प बसण्यात होतं. मी कितीही फिरवलं तरी त्यातून निवळ वेगळी निघत नाही.

काकी दारात पदर तोंडाला लावून उभी होती.  तात्या अगदी साध्या आवाजात, रागाने नाही, म्हणाले, "सांगाया काय झालं हुतं? म्या काय अकरा वर्साच्या पोरीला मारनार हुतो? दुसरा कॅन भरला आसता. येवढंच की. दुसरा कॅन भरला आसता."

मी चहा न पिता निघाले. सांगून बरं केलं का, हे मला विचारू नका. राग होता तोवर त्या माणसाला आधार होता. मी तो काढून घेतला आणि बदल्यात भाऊ देऊ शकले नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी आईला घेऊन चर्चला गेले. तात्या बाकाच्या त्यांच्या टोकाला न बसता आमच्याजवळ, पप्पांच्या जागी येऊन बसले. गाणं चालू झालं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही. ताट आलं. त्यांनी त्याकडे बघितलं नाही, न बघता ते माझ्या हातात दिलं. मीही ते पुढे दिलं.

उपासना संपल्यावर पाळकबाई ताट उचलायला आल्या आणि जरा थबकल्या. दोन तुकडे उरले होते.